आईच्या कार्डावरचे बाळ

आज 11 एप्रिल. महाराष्ट्रात ही तारीख जोतीराव फुले यांच्या जयंतीची. सरकारी दिनदर्शिकेत ती 2003 पासून राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणूनही आहे, कारण कस्तुरबा गांधींचा जन्मदिवस हाच मानला जातो. मातृत्व दिनाचे फलक दुपारपर्यंत उतरतात आणि फुल्यांच्या पुतळ्याला हार घालताना त्या दुसऱ्या दिनाची कुणाला आठवण होत नाही. वास्तविक या दोन निमित्तांचे नाते फार जवळचे आहे. 1863 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तिथे यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर तिथेच ठेवावे, अशी ती सोय होती. आईचा जीव आणि मुलाचा जीव हा एकच प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते. आपली आरोग्यव्यवस्था अजून तिथे पोचलेली नाही, आणि ती कुठे अडली आहे हे पाहायला आज थोडे लांब, लखनौच्या चौकात जायला हवे.

मराठी माणसाला लखनौ ठाऊक असते ते भातखंड्यांच्या संगीत महाविद्यालयामुळे. चौक ठाऊक असतो तो चिकनच्या कुडत्यांमुळे आणि कबाबांमुळे. त्याच चौकाला लागून किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे. 1905 मध्ये पायाभरणी झालेल्या या संस्थेचा स्त्रीरोग व प्रसूती विभाग म्हणजे क्वीन मेरी रुग्णालय. हरदोई, सीतापूर, बाराबंकी, उन्नाव अशा आसपासच्या जिल्ह्यांत बाळंतपण अडले की 'रेफर'ची चिठ्ठी बहुधा इथली असते. चौकात विकल्या जाणाऱ्या चिकनचे टाके घालणाऱ्या बायका आजूबाजूच्या मोहल्ल्यांत आणि खेड्यांत घरबसल्या, नगावर पैसे घेऊन काम करतात. तासन् तास खाली मान घालून बसणाऱ्या अशा बाईच्या पायाला सातव्या महिन्यात सूज आली, तर ती बसून आली असेच घरात म्हणणार. डोके दुखले तर नजर लावून काम केल्याने दुखले. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधल्याशिवाय यातले खरे-खोटे कळायला दुसरा मार्ग नाही.

तो पट्टा वेळेवर बांधला न गेल्याचे परिणाम बाळावर कसे होतात, ते नीट समजून घ्यायला हवे. गरोदरपणी रक्तदाब चढण्याच्या या आजारात वारेच्या रक्तवाहिन्या मुळातच अरुंद राहिलेल्या असतात. बाळाला रक्त कमी पोचते, त्याची वाढ खुंटते. आईला झटके येतील अशी वेळ आली की बाळ बाहेर काढणे एवढाच खरा उपाय उरतो, मग ते 32 आठवड्यांचे का असेना. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट आहे, स्वस्त आहे; 33 देशांतल्या 10 हजारांवर बायकांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. पण त्याने वार दुरुस्त होत नाही. कमी दिवसांचे बाळ जन्मते, त्याची फुप्फुसे उघडत नाहीत, ते काचेच्या पेटीत जाते. तिथे त्याच्या नावाची नवी फाइल उघडते आणि त्या फाइलला पहिला दिवस जन्माचा असतो. आधीचे सात महिने आईच्या गरोदरपणाच्या तपासणी-कार्डावर राहिलेले असतात आणि ते कार्ड बहुधा नातेवाइकाच्या पिशवीत, बाहेर व्हरांड्यात.

ही नुसती कागदी तक्रार नाही. कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला जन्माआधी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलेली ही गोष्ट. औषध टोचायचे आईला, श्वास सुधारतो बाळाचा. केंद्र सरकारने 2014 मध्ये एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सलाही, बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा देण्याची मुभा दिली. सगळ्यांनाच वाटले, स्वस्त औषध खेड्यापर्यंत पोचवले की काम झाले. पण 2015 मध्ये सहा देशांतल्या सुमारे 1 लाख बाळंतपणांच्या चाचणीचा निकाल आला. त्यात आपल्याकडची बेळगाव आणि नागपूर ही केंद्रे होती. जिथे हे औषध सरसकट पोचवले गेले तिथे नवजात मृत्यू घटण्याऐवजी थोडे वाढलेच. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणींचे दिवस भरत आलेले होते. पाच वर्षांनी दुसऱ्या चाचणीचा निकाल आला, बेळगाव याही वेळी होते. या खेपेला सोनोग्राफीने आठवडे नक्की केलेल्या आणि नवजाताची सोय असलेल्या रुग्णालयात आलेल्या बायकाच घेतल्या. त्याच औषधाने नवजात मृत्यूंची जोखीम 16 टक्क्यांनी उतरली. फरक पडला तो किती आठवडे झाले हे ठाऊक असण्याने आणि पुढे बाळाला सांभाळणारे कुणी असण्याने. तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी पुष्कळांना पैसे काढायचा धंदा वाटते, काही ठिकाणी तो असतोही. पण सातव्या महिन्यात मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईच्या पिशवीत तोच एक कागद बाळाच्या उपयोगी पडतो.

मधुमेहाचेही असेच. आईची साखर वाढलेली असली की बाळ गुटगुटीत होते, चार किलोचे बाळ पाहून घर खूश होते. आईकडून येणाऱ्या साखरेला पुरे पडायला त्या बाळाने आपले इन्शुलिन वाढवून ठेवलेले असते. नाळ कापली की साखर थांबते, इन्शुलिन थांबत नाही. पहिल्या काही तासांतच त्याची साखर घसरते आणि ते सुस्त पडते किंवा थरथरते. टाचेला सुई टोचून थेंबभर रक्त तपासले आणि लगेच अंगावर पाजले तर बहुतेक वेळा निभावते. पण ही बाळंतीण साखरेची आहे, हे नवजात कक्षातल्या नर्सला कुणी तरी सांगायला हवे ना!

आता महाराष्ट्राकडे. उत्तर प्रदेशाकडे पाहून आपण हळहळतो आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो. आकडे काही अंशी आपल्या बाजूने आहेत. 2018-20 च्या नमुना नोंदणीत दर लाख जिवंत जन्मांमागे उत्तर प्रदेशात 167 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रक्त कमी असलेल्या गरोदर बायका उत्तर प्रदेशात 45.9 टक्के निघाल्या आणि महाराष्ट्रात 45.7. म्हणजे आपल्या बायका लखनौच्या बायकांहून काही फार धडधाकट नाहीत. आपल्याकडे मरण टळते ते रस्ता, गाडी, रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ जरा जवळ आहेत म्हणून. आजार तेवढाच आहे, आणि जी आई वाचली तिच्या बाळात तो उतरतो.

आणि हे आपल्याला अलीकडे कळले असेही नाही. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली ती गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातले रक्त का आटते हे शोधायला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, ते भरून येते हे तिने दाखवले. त्यातले द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदर होण्याआधीपासून मागोवा घेतला. सरासरी 2.7 किलोची ती बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा किती तरी हडकुळी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली निघाली. पुढच्या मधुमेहाची तयारी पोटातच होते, ती अशी. जगाने उचललेल्या या दोन्ही गोष्टी आपल्या गिरणगावातल्या आणि गावातल्या बायकांच्या रक्तावरून कळल्या आणि आपल्याकडे लोहाच्या गोळ्या अजून डब्यात पडून राहतात. त्या खाल्ल्या की मळमळते, हे खरे आहे. ते ऐकून घेऊन वेळ बदलून देणारे कुणी भेटत नाही, हेही खरे आहे.

आपली एक लाडकी रीतही यात आड येते. पहिलटकरणीला सातव्यात माहेरी न्यायचे. प्रेमाची रीत आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण रक्तदाब आणि साखर वर जाण्याचा काळ नेमका हाच, आणि याच वेळी तिचा डॉक्टर बदलतो, दवाखाना बदलतो, आशाताई बदलते. डोहाळजेवणाचे फोटो बॅगेत असतात, कार्ड सासरी राहते. बीडच्या ऊसतोड मजुरांच्या बायकांना तर रीतीचीही चैन नाही. दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि गरोदर बाई फडावरच्या कोपीत, कार्ड गावी. जिथे ती राबते तिथल्या यादीत तिचे नाव नसते.

घरातल्या बाळाचे काय करायचे ते या देशाने शिकून घेतले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावच्या बाईला शिकवून नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले, ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. लखनौहून जवळच, रायबरेलीच्या शिवगढमध्ये बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्यासारख्या साध्या सवयींनी हेच प्रमाण 54 टक्क्यांनी घटले, ते 2008 मध्ये. 2011 पासून आशाताई देशभर बाळाच्या घरी फेऱ्या मारतात. त्या फेऱ्या जन्मानंतर सुरू होतात.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल चिकटपट्टी लागते. कल्पना चांगली आहे. मात्र त्या लाल पट्टीची यादी जिल्ह्याच्या नवजात अतिदक्षता कक्षाकडे आधी गेली पाहिजे, म्हणजे खाट, ऑक्सिजन आणि माणूस तयार राहील. बाळाच्या फाइलचे पहिले पान म्हणून आईच्या कार्डाची प्रत लागली पाहिजे. झेरॉक्सला दोन रुपये लागतात. आणि माता मृत्यूचा आढावा एका बैठकीत, अर्भक मृत्यूचा दुसऱ्या, हा प्रकार बंद करून जिल्हाधिकाऱ्यांनी आईच्या आणि बाळाच्या डॉक्टरांना एका टेबलाशी बसवावे. याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही; एक परिपत्रक लागते, आणि ते काढायला पुढच्या 11 एप्रिलची वाट पाहण्याचे कारण नाही.