लेकरांच्या टीबीच्या गोळ्या आणि कंपालाचे विद्यापीठ

आपल्या वस्तीत टीबीचे नाव मोठ्याने घेत नाहीत. ‘छातीचं आहे’ म्हणतात, ‘बारीक ताप येतो’ म्हणतात. लेकराला गोळ्या सुरू झाल्या की आई पाकीट डब्यामागे ठेवते आणि महिने मोजते. तिसऱ्या महिन्यात पोरगं खेळायला लागतं, अंगानं भरतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आता बरं आहे ना, अजून कशाला देता?’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, असे आम्हाला वाटते. हाच प्रश्न काही डॉक्टरांनी शास्त्राच्या कसोटीवर लावला. त्यातले काही आपल्या पुण्याचे आहेत, काही पूर्व आफ्रिकेतल्या युगांडाचे.

युगांडाची राजधानी कंपाला. तिथले मकेरेरे विद्यापीठ १९२२ साली तांत्रिक शाळा म्हणून सुरू झाले. त्याचे वैद्यकीय शिक्षण मुलागो या मोठ्या सरकारी रुग्णालयात चालते. बाहेर गरिबांची रांग, आत शिकणारे डॉक्टर, आपल्या ससूनसारखेच. अशा ठिकाणी संशोधनाचे विषय रांगेतूनच येतात. १९९९ साली मुलागोमध्ये एचआयव्ही असलेल्या मातांवरचा एक अभ्यास पूर्ण झाला. कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला एक डोस, एवढाच उपचार. तेव्हाच्या दुसऱ्या छोट्या उपचाराशी तुलना केली तर बाळांना लागण होण्याचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडच्या सरकारी प्रसूतिगृहांतही हीच गोळी दिली जात होती. आज त्याहून चांगला उपचार मिळतो, आईला कायम औषधे देतात. पण मधल्या काळात जी बाळे वाचली, ती त्या एका गोळीमुळे.

आता टीबीकडे येऊ. सहा महिन्यांचा उपचार हाही आकाशातून पडलेला नाही. पूर्वी टीबीची औषधे दीड वर्ष घ्यावी लागत. १९७० च्या दशकात केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया इथल्या रुग्णांवर ब्रिटिश संशोधकांसोबत अभ्यास झाले, आणि रिफाम्पिसिन असेल तर सहा महिने पुरतात हे त्यांत दिसले. हे अभ्यास मोठ्या माणसांवरचे होते. मुलांनाही तेवढेच महिने लागू झाले. पण मुलांचा टीबी अनेकदा वेगळा असतो. फुप्फुसाला पोकळी पडलेल्या मोठ्या माणसाच्या अंगात जंतू अफाट असतात. मानेला गाठ आलेल्या किंवा छातीत थोडाच डाग असलेल्या लेकराच्या अंगात ते फार कमी असतात. मग त्यालाही सहा महिने कशाला?

‘शाइन’ नावाच्या अभ्यासाने हे तपासले. युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथली सोळा वर्षांखालची १२०४ मुले त्यात होती. कंपालात मकेरेरेशी जोडलेले संशोधन केंद्र, आपल्याकडे पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि चेन्नईची क्षयरोग संशोधन संस्था. सौम्य टीबी असलेल्या आणि थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत जंतू न दिसलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना चार महिने, निम्म्यांना सहा महिने औषध दिले. कोणाला किती, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. दीड वर्षाच्या आसपास लक्ष ठेवले. उपचार फसणे, मध्येच सुटणे, आजार उलटणे किंवा मृत्यू हे सगळे मिळून दोन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपास निघाले. २०२२ साली हा निकाल छापून आला आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा मुलांसाठी चार महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली.

इथे थांबून एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. हे वाचून कुणीही घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. सौम्य टीबी कोणता, हे एक्स-रे आणि तपासणीवरून डॉक्टर ठरवतात. मोठ्या माणसांना, थुंकीत जंतू सापडलेल्यांना, मेंदूचा टीबी झालेल्यांना, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला हा निकाल लागू नाही. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो, तेव्हा जास्त चिवट होऊन येऊ शकतो.

या अभ्यासाचा पैसा ब्रिटनमधून आला, सूत्रे लंडनमधून हलली, हेही खरे. जुन्या स्वस्त गोळ्या दोन महिने कमी द्यायच्या, यात कोणत्या कंपनीला नफा? म्हणून हे काम सार्वजनिक पैशांतून आणि सरकारी रुग्णालयांतूनच होते. अशा संशोधनाकडे ‘गरिबांवर प्रयोग’ म्हणून सरसकट बोट दाखवणे आम्हाला पटत नाही. सही घेण्याआधी समजेल अशा भाषेत सांगितले का, नको म्हणायची मुभा होती का, हे जरूर विचारावे. आमची खरी तक्रार पुढची आहे. वस्तीत रक्त, थुंकी, माहिती न्यायला माणसे येतात. त्यातून काय निघाले हे सांगायला क्वचित कुणी परत येते. पुण्याच्या लेकरांनी ज्या उत्तरात भाग घेतला, ते उत्तर पुण्याच्या वस्त्यांत किती आयांना माहीत आहे?

तेव्हा लेकराची फाइल आणि एक्स-रे घेऊन आरोग्य केंद्रात जाल, तेव्हा डॉक्टरांना विचारा: याचा टीबी सौम्य आहे का, याला चार महिन्यांचा उपचार चालेल का, नसेल तर का नाही. उत्तर मिळेपर्यंत गोळ्या रोज चालू ठेवा. आणि निक्षय पोषणचे महिन्याचे १००० रुपये खात्यात जमा होतात का, तेही त्याच फेरीत पाहून या.