जुना डेस्कटॉप, नवी एसएसडी : दुरुस्तीची संधी आणि तिची मर्यादा

जयपूर : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून संगणकातील मेमरीचे दर जगभर चढू लागले. या दोन घटनांची कारणे वेगळी असली, तरी त्यांचा भार एकाच वर्गावर पडतो. सात ते दहा वर्षे जुन्या डेस्कटॉपवर काम निभावून नेणाऱ्या छोट्या संस्था, दुकाने आणि मध्यमवर्गीय कुटुंबे यांचा हा वर्ग आहे. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी बसविणे, हा या वर्गाचा आजवरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय होता. तो आजही किफायतशीर आहे का, असल्यास कोणत्या यंत्रासाठी, याचा विचार आता नव्याने करावा लागेल.

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी जयपूरमधील गोपालपुरा परिसराकडे पाहता येईल. टोंक रोडपासून गुर्जर की थडीच्या दिशेने जाणारा गोपालपुरा बायपास स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी, अभ्यासिकांसाठी आणि विद्यार्थी वसतिगृहांसाठी राजस्थानभर ओळखला जातो. येथे शिकणाऱ्या उमेदवारांना संगणक टाळता येत नाही. राजस्थानातील कनिष्ठ लिपिक भरतीत टंकलेखनाची परीक्षा संगणकावर होते. महाराष्ट्रातील एमएस-सीआयटीच्या धर्तीवर तेथे आरएस-सीआयटी हा अभ्यासक्रम चालतो आणि लिपिक पदासाठी तो ग्राह्य धरला जातो. पुण्याच्या पेठांमधील असो वा लातूर-नांदेडमधील, मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. टंकलेखनाच्या सरावासाठी, अर्ज भरण्यासाठी आणि हिशेब ठेवण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. परंतु ते सुरू होण्यासाठी चार-पाच मिनिटे थांबावे लागले, तर ताशी शुल्क देणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

मंदपणाचे मूळ कोठे?

जुना संगणक मंद झाला की दोष बहुधा प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात अडथळा अनेकदा हार्ड डिस्कमध्ये असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष योग्य जागी नेण्याचा वेळ त्यात मिळविला, की विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला सुमारे शंभर वेळाच वाचता येतात. संगणक सुरू होताना मात्र अशा हजारो फाइली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे साधी साटा एसएसडीदेखील तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते.

सलग वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट असल्याची जाहिरात होते. पण खरा लाभ या विखुरलेल्या वाचनात असतो. म्हणूनच मदरबोर्डवरील साटा जोडणी जुन्या पिढीची असली आणि सलग वाचनाचा वेग निम्म्यावर आला, तरी वापरणाऱ्याला फरक स्पष्ट जाणवतो. डेस्कटॉपची रचनाही या बदलाला अनुकूल असते. अडीच इंची एसएसडी साध्या पट्टीच्या आधाराने मूळ कप्प्यात बसते, जोडणीच्या तारा त्याच राहतात आणि विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी निगडित असल्याने डिस्क बदलली म्हणून तो सहसा पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. मात्र रॅम केवळ चार जीबी असेल, तर एसएसडीचा लाभ अर्धाच मिळतो. अशा यंत्रात दोन्हींचा विचार एकत्र करणे हिताचे ठरते.

वेग मिळतो, वय वाढत नाही

येथेच या उपायाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर आवश्यक आहे. ही पिढी डेस्कटॉपमध्ये २०१७ च्या अखेरीस आली. त्यापूर्वीच्या यंत्राला एसएसडी वेग देते, अधिकृत पात्रता देत नाही. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अद्यतनांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. संस्थांसाठी ती तीन वर्षांपर्यंत मिळू शकते; परंतु पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असे तिचे शुल्क आहे. दहा-वीस संगणकांच्या वर्गाला हा खर्च नव्या डिस्कपेक्षाही जड जाऊ शकतो.

दुसरा मार्ग लिनक्सचा आहे. सी-डॅकने भारतीय भाषांसह विकसित केलेली बॉस ही प्रणाली उपलब्ध आहे आणि केरळने शालेय शिक्षणात मुक्त प्रणालीचा वापर दीर्घकाळ यशस्वीपणे करून दाखविला आहे. अर्थात परीक्षेचा सराव ज्या सॉफ्टवेअरवर करायचा, ते लिनक्सवर चालते का, याची खात्री आधी करावी लागते. कार्यालयीन नोंदी, वाचन आणि इंटरनेटवरील अर्ज यांसाठी हा मार्ग पुरेसा आहे.

दरवाढीचे दुसरे टोक

दुरुस्तीचे गणित बिघडविणारा दुसरा घटक बाजारातील आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मेमरीची मागणी एवढी वाढली आहे, की उत्पादकांचा कल मोठ्या ग्राहकांकडे झुकला आहे. मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशियल’ या नावाने होणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा मेमरी आणि एसएसडीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. जगाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहणाऱ्या डेटा केंद्राचा परिणाम अशा रीतीने टंकलेखन वर्गातील जुन्या संगणकाच्या दुरुस्तीखर्चावर होतो. नवा संगणक घेणेही यातून सुटत नाही, कारण त्यातही हीच मेमरी असते. त्यामुळे दुरुस्ती महागली म्हणून खरेदी आपोआप स्वस्त ठरत नाही.

भंगार आणि विदा

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशातील ई-कचरा २०१९-२० मधील १०.१ लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये १७.५ लाख टनांवर गेला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे आणि वस्तूचे नूतनीकरण करून आयुष्य वाढविण्यालाही स्थान आहे. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये केंद्राला अहवाल सादर केला. धोरणाची दिशा योग्य आहे. मात्र सॉफ्टवेअरचे साहाय्य किती वर्षे मिळणार, हे विक्रीच्या वेळीच ठळकपणे सांगण्याचे बंधन नसेल, तर सुस्थितीतील यंत्र भंगारात जाण्याचे प्रमाण कमी होणार नाही.

काढून टाकलेल्या हार्ड डिस्कचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. शिकवणी वर्गाच्या डिस्कवर विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे, भ्रमणध्वनी क्रमांक आणि ओळखपत्रांच्या प्रती असतात. केवळ फॉरमॅट केल्याने ही माहिती नष्ट होत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. जुनी डिस्क भंगारवाल्याला देण्यापूर्वी ती सॉफ्टवेअरद्वारे पूर्ण पुसणे किंवा निकामी करणे ही संस्थाचालकाची जबाबदारी ठरते.

एकंदरीत, निर्णयाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रोसेसरची पिढी पाहावी, मग रॅम, आणि शेवटी डिस्क. २०१८ नंतरच्या पात्र यंत्रात एसएसडी बसविणे आजही लाभाचे आहे. त्यापूर्वीच्या यंत्रात ती बसवायची असेल, तर पुढील प्रणाली कोणती, हे आधी ठरवावे. हा निर्णय न घेता केवळ वेगासाठी खर्च केल्यास यंत्र जलद होईल. पण त्यावर साठविलेली विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षितच राहील.