भाड्याच्या खोलीतला मुलगा

महाविद्यालये उघडली की बीदर, भालकी, हुमनाबाद, कलबुर्गी येथील आपल्या घरांच्या माडीवरच्या आणि मागल्या अंगणातल्या खोल्या परगावच्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या जातात. मुलगा दारात उभा राहतो. घरची गृहिणी नाव विचारते, गाव विचारते, आडनावावरून काही अंदाज बांधते, आणि भाडे ठरते. त्या वेळी आपण त्याला केवळ खोली देतो, की त्याच्या आईवडिलांच्या काळजीतला थोडा वाटाही पत्करतो, हा प्रश्न या खेपेस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

निमित्त दूर देशीचे आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला केला आणि त्यानंतर गाझात युद्ध पेटले. त्याची झळ अमेरिकेतील विद्यापीठांपर्यंत पोहोचली. त्याच महिन्यात कॉर्नेल विद्यापीठातील ज्यू विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात गोळीबार करण्याच्या धमक्या आल्या. धमक्या देणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी निघाला आणि २०२४ साली त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ३ नामांकित विद्यापीठांच्या अध्यक्षांना विचारण्यात आले, की ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणे हा तुमच्या नियमांचा भंग ठरतो की नाही? ते संदर्भावर अवलंबून आहे, अशा आशयाची उत्तरे मिळाली. कायद्याच्या काट्यावर ती कदाचित बरोबर असतील. परंतु ज्यांची मुले तेथे शिकत होती त्या आईबापांना त्यांत धीराचा एक शब्द सापडला नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या अध्यक्षांना काही दिवसांतच पद सोडावे लागले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्माँट राज्यातील बर्लिंग्टन गावी पॅलेस्टिनी वंशाच्या ३ विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. एकाला जो न्याय, तोच दुसऱ्याला.

मराठी वाचकाला ज्यू हा परका वाटण्याचे कारण नाही. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनिवार तेली’ म्हणूनच ओळखले गेले. पेणकर, केहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली, आणि मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. मुंबईत १८७५ साली त्यांनी काढलेल्या शाळेत पुढे इतर धर्मांचीच मुले बहुसंख्य झाली. आपल्याकडे ज्यूद्वेष रुजला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. मात्र नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये दहशतवाद्यांनी तेथील रब्बी, त्यांची पत्नी आणि इतर ज्यूंचे प्राण घेतले, हेही त्याच मुंबईत घडले. शिवाय द्वेषाला ज्यूच हवा असतो, असे नाही. त्याला हाताशी सापडेल तो एकटा माणूस पुरतो.

याची साक्ष आपल्या बीदरनेच दिली आहे. शिखांच्या पंजप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचे. येथील नानक झिरा साहिब हे शिखांचे मोठे श्रद्धास्थान. १९८० साली येथे गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि दूरदूरची शीख मुले शिकावयास आली. सप्टेंबर १९८८ मध्ये, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, जमावाने शीख विद्यार्थ्यांवर हल्ले केले. ६ विद्यार्थी मारले गेले. उत्सवाची वर्गणी हे भांडणाचे निमित्त झाले, असे तेव्हा सांगितले गेले. पण पंजाबात त्या काळी जे चालले होते त्यावरून साऱ्या शिखांकडेच संशयाने पाहिले जात होते, हेही विसरता येत नाही. अभियंता व्हावयास आलेल्या त्या मुलांचा पंजाबातील कोणत्या बंदुकीशी संबंध होता?

दूरच्या कोणाच्या करणीचा जाब जवळच्या निरपराध्याला विचारणे, हेच या रोगाचे मूळ. इस्राएलच्या सरकारवर कठोर टीका करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि अनेक ज्यू विद्यार्थीही तो बजावतात. परंतु वसतिगृहातल्या मुलाला त्या सरकारचा वकील समजून त्याची वाट अडविणे ही टीका नव्हे. २०१९ साली पुलवामाच्या हल्ल्यानंतर देहरादूनमधील काश्मिरी विद्यार्थ्यांवर खोल्या सोडण्याची पाळी आली, तीही याच विचाराने.

कायदा आपल्या परीने काही करतो. भेदभावाच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रत्येक शिक्षणसंस्थेने एक अधिकारी नेमावा, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केला होता. तथापि जमाव गल्लीत येतो तेव्हा तो अधिकारी तेथे नसतो. तेथे असतो तो घरमालक, शेजारी, कोपऱ्यावरचा दुकानदार.

म्हणून या वर्षी खोली देताना आगाऊ भाड्याबरोबर मुलाच्या घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा. शेजारच्या दोन घरांशी त्याची ओळख करून द्यावी. सणाला ताट वाढावे, वर्गणी मात्र त्याच्या खुशीवर सोडावी. ‘तुमच्या लोकांनी तिकडे असे का केले?’ हा प्रश्न त्याला कधीही विचारू नये. गावात अफवा उठली तर प्रथम त्याला घरात घ्यावे, दार लावावे, पोलिसांना कळवावे; चौकशी मागाहून होईल.

१९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि आपण होतो तेथेच राहून भाषेने अल्पसंख्य झालो. सीमाप्रश्नावर कोठे तरी ठिणगी पडते, एखाद्या शहरात गाड्यांवर दगड पडतात, आणि इकडे शिकणाऱ्या आपल्या मुलाला मराठीत मोठ्याने बोलावयास संकोच वाटतो. तो संकोच ज्या घराने जाणला आहे, त्या घराला परक्या मुलाचे भय निराळे समजावून सांगावे लागू नये.