चेंडूचा ऋतु कोणता?

खेळाला ऋतु असतो ही गोष्ट आमच्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाहीं. पतंग संक्रांतीच्या सुमारास उडतात, विटीदांडू परीक्षा संपल्यावर बाहेर येतो, आणि झिम्मा-फुगडी श्रावण-भाद्रपदांत रंगते. हें वेळापत्रक कोणत्याही मंडळानें ठराव करून बसविलेलें नाहीं. वारा, जमीन आणि सुटी या तिघांनीं तें बसविलें आहे. परंतु खेळ हा धंदा झाला म्हणजे त्याचा ऋतु सभेंत ठरूं लागतो. जपानांतील व्यावसायिक फुटबॉलच्या हंगामाविषयीं असाच एक निर्णय झाला आहे. हंगाम वर्षांत पुढें ढकलावा कीं नाहीं, हा त्यांतील वाद आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

जपानची ‘जे लीग’ ही स्पर्धा १९९३ च्या मे महिन्यांत दहा संघांनिशीं सुरू झाली. पुढें ती वाढत जाऊन तिच्या तीन श्रेणींत मिळून साठ संघ झाले. तिचा हंगाम फेब्रुवारींत सुरू होऊन डिसेंबरांत संपे. २०२३ च्या डिसेंबरांत लीगनें असें ठरविलें कीं, २०२६ पासून हंगाम ऑगस्टमध्यें सुरू करावा, पुढील वर्षाच्या मे-जूनच्या संधीस तो संपवावा, आणि मध्यें डिसेंबराच्या मध्यापासून सुमारें दोन महिने विश्रांति द्यावी.

या बदलाचें पहिलें कारण उष्णता. जपानचा उन्हाळा नुसता कडक नसतो, तो दमटहि असतो. घाम वाळला तरच देह थंड होतो. हवाच ओली असली म्हणजे घाम अंगावर राहतो आणि आंतला ताप आंतच कोंडतो. मुंबईकर वाचकांस हें निराळें सांगावयास नको. ५ ऑगस्ट २०२५ रोजीं इसेसाकी या गांवीं पारा ४१.८ अंशांवर गेला. जपानांत तोंवर नोंदलेला तो उच्चांक होय. जपानी लोकांस हा धोका पूर्वीं ठाऊक नव्हता असें नाहीं. १९६४ चें टोकियो ऑलिंपिक त्यांनीं ऑक्टोबरांत भरविलें होतें. २०२१ सालीं तेंच भर उन्हाळ्यांत भरलें, तेव्हां मॅरेथॉनची शर्यत उत्तरेस सप्पोरोला न्यावी लागली, आणि टोकियोंत सकाळीं अकराला व्हावयाचा स्त्रियांचा फुटबॉलचा अंतिम सामना योकोहामास रात्रीं नऊ वाजतां खेळवावा लागला. आमच्या वाग्भटानें बलवान् मनुष्यानेंहि शीतकाळीं व वसंतांत अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असें सांगितलें आहे. पोटासाठीं खेळणाऱ्या तरुणास अर्ध्या शक्तीनें खेळतां येत नाहीं. म्हणूनच ऋतूची निवड त्याच्या बाबतींत अधिक जपून केली पाहिजे.

दुसरें कारण बाजाराचें आहे. युरोपांतील संघांचा हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो व त्यांची मोठी खरेदी त्याच्या आधीं उन्हाळ्यांत होते. त्यामुळें जपानी संघाचा उत्तम खेळाडू ऐन हंगामाच्या मध्यावर निघून जाई. आशिया खंडांतील संघांची स्पर्धाहि २०२३ पासून शरद ते वसंत अशी भरूं लागली. या कारणांत गैर कांहींच नाहीं. ज्याला विकावयाचें आहे त्यानें बाजाराचा दिवस पाहिलाच पाहिजे.

विरोध आला तो हिमप्रदेशांतून. हिंवाळ्यांत सैबेरियाकडून येणारा वारा जपानचा समुद्र ओलांडतांना बाष्प उचलतो आणि मधल्या पर्वतांना अडून पश्चिमेच्या बाजूस बर्फाचे ढीग टाकतो. पलीकडे टोकियोवर मात्र निरभ्र ऊन असतें. सह्याद्रीनें कोंकण आणि देश यांची जी वांटणी पावसाळ्यांत केली आहे, तीच तेथें हिंवाळ्यांत होते. म्हणून टोकियोंत सम्राट-चषकाचा अंतिम सामना कित्येक वर्षें एक जानेवारीस सुखानें होऊं शकला, आणि त्याच सुमारास निइगाता, यामागाता किंवा अकिता येथें मैदान बर्फाखालीं असावयाचें. निइगाताच्या संघानें या बदलास उघड विरोध केला. लीग म्हणते, बर्फाच्या दोन महिन्यांत सामने पूर्वीहि नव्हते, पुढेंहि नसतील. शिवाय तेथील सरावाच्या सोयींसाठीं तिनें साहाय्यहि देऊं केलें आहे. परंतु पूर्वीं ही पोकळी दोन हंगामांच्या मध्यें पडत असे, आतां ती एकाच हंगामाच्या पोटांत पडणार. सोय सर्वांची आणि झीज थोड्यांची असेल, तर थोड्यांची भरपाई ही कृपा नसून देणें आहे, असें आम्ही समजतों.

शिक्षकी पेशांत आयुष्य गेलेल्या आम्हांस आणखी एक अडचण दिसते. जपानांत शाळेचें वर्ष एप्रिलमध्यें सुरू होऊन मार्चमध्यें संपतें. मार्चमध्यें विद्यालय सोडणारा अठरा किंवा बावीस वर्षांचा खेळाडू पूर्वीं नुकत्याच सुरू झालेल्या हंगामांत सामील होई. आतां तो बाहेर पडेल तेव्हां हंगाम उतरणीस लागलेला असेल, आणि नव्यासाठीं त्याला ऑगस्टची वाट पाहावी लागेल. मधले महिने तो ना शाळेचा ना संघाचा. या वयांत रिकामे गेलेले चार महिने किती महाग पडतात, हें घरोघरच्या आईबापांना विचारावें.

कोणी म्हणेल, चाललेली रीत मोडावी कशाला? रीत आमच्याकडेहि बदलली आहे. मोहन बागाननें गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून कलकत्त्यांत आय. एफ. ए. शील्ड जिंकली ती २९ जुलै १९११ रोजीं, म्हणजे भर पावसाळ्यांत. आणि २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली ती ऑक्टोबरांत. रीत बदलण्यांत पाप नाहीं. ती कोणत्या कारणासाठीं बदलली, हें मात्र पाहावें.

आतां आमचें मत. जपानचा हंगाम पुढें न्यावा हें आम्हांस मान्य आहे. परंतु उष्णता हें कारण खरें असेल तर आरंभ ऑगस्टमध्यें कां? जून-जुलै टळले, तरी ज्या महिन्यानें उच्चांक गांठला तोच महिना आरंभासाठीं निवडला. याला शास्त्रकार अर्धजरतीय न्याय म्हणतात. खेळाडू आरंभीं ताजा असतो, म्हणून उकाडा सोसतो, असें उत्तर मिळतें, व त्यांत कांहीं तथ्यहि आहे. पण खरी अडचण निराळीच आहे. २०२४ पासून पहिल्या श्रेणींत वीस संघ आहेत व प्रत्येकास अडतीस सामने खेळावे लागतात. ऊन आणि बर्फ दोन्ही वगळलें तर एवढे सामने वर्षांत मावत नाहींत. जर्मनीच्या पहिल्या श्रेणींत संघ अठरा आणि सामने चौतीस. तेथें हिंवाळ्यांत विसांवाहि मिळतो. आठवड्यास एक या मानानें चार सामने म्हणजे चार आठवडे, म्हणजेच हा ऑगस्ट महिना! दोन संघ कमी केले तर उकाड्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पण संघ कमी करणें म्हणजे तिकिटें व जाहिराती कमी करणें. तेथें कोणाचा हात पुढें होत नाहीं, आणि मग पंचांगालाच इकडून तिकडे ओढावें लागतें.

हा प्रश्न दूरच्या देशाचा म्हणून वाचकांनीं सोडून देऊं नये. आपल्याहि शहरांत मे महिन्याच्या सुटींत मुलांसाठीं फुटबॉलचीं शिबिरें भरतात. तेथें नांव घालण्यापूर्वीं फी किती हें आपण विचारतोंच. सराव किती वाजतां संपतो, सावली कोठें आहे आणि पाणी दर किती मिनिटांनीं देतात, हेंहि विचारावें. समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं, तर मुलाला पहिल्या पावसापर्यंत थांबवावें. चेंडू कोठें जात नाहीं.