चालू मशीनला हात लावताना घाबरणाऱ्या माणसाची बाजू

माझा एक मित्र सोलापुरात लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो. शुक्रवारी संध्याकाळी तो कुठलंच अपडेट टाकत नाही. तुरीचा हंगाम असला की आपल्या दुधनीच्या एका अडत दुकानाच्या मशीनला तर हातच लावत नाही. लोक त्याला भित्रा म्हणतात. मला मात्र त्याचं पटतं.

एखादा प्रोग्रॅम बिघडला तर तो माणूस घरी बसून, नेटवरून दुरुस्त करतो. पण मशीन सुरू होण्याच्या पायरीवरच गडबड झाली, तर नेटही सुरू होत नाही आणि दुरुस्त करणाराही आत शिरू शकत नाही. मग सोलापूरहून रेल्वेने यायचं, मॉनिटर जोडायचा आणि काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. तोपर्यंत बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेला.

हे नुसतं मनाचं भय नाही. जुलै 2020 मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅममध्ये ‘बूटहोल’ नावाचं भोक सापडलं. ते बुजवायला रेड हॅटने घाईने अपडेट काढलं, आणि ते टाकल्यावर रेड हॅट आणि सेंटओएसचे कितीतरी सर्व्हर सुरूच होईनात. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटनंतर एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स अडलं. त्याच्या महिनाभर आधीचं, 19 जुलैचं क्राउडस्ट्राइक प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेल. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले! चुकलेली फाईल कंपनीने 78 मिनिटांत मागे घेतली होती, पण तोवर सुमारे 85 लाख विंडोज मशीन पडल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी माणसाला मशीनपाशी जाऊन बसावं लागलं.

मग अपडेट करायचंच नाही का? तसं तो म्हणत नाही. बूटहोल खरंच धोक्याचं होतं. सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेली 2011 ची सर्टिफिकेटं जून 2026 पासून मुदतीबाहेर जातात, आणि लिनक्सची साखळीही त्यातल्याच एकावर उभी आहे. मुदत संपली म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडत नाही. पण नवीन सर्टिफिकेट आत घेतलं नाही तर पुढची अपडेटं अडतील. म्हणजे हात लावावा लागणारच. त्याचं म्हणणं एवढंच, की आधी पडून असलेल्या मशीनवर करून बघा आणि जुना कर्नल पुसू नका. रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स शेवटचे तीन कर्नल जपून ठेवतं ते उगाच नाही. नवीन नाही चाललं तर मेनूतून जुना निवडायचा, काम सुरू.

आता हीच अक्कल आपल्या सरकारी पोर्टलांना कधी येणार, हा माझा खरा प्रश्न आहे. ई-पीक पाहणी आधी मोजक्या तालुक्यांत चालवून पाहिली आणि मग 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर नेली. तरीसुद्धा बांधावर रेंज शोधत फिरणारे शेतकरी आपण पाहिलेत. मग जे पोर्टल न तपासता एका रात्रीत बदलतं त्याचं काय? जुनी लिंक बंद, नवीन उघडत नाही, आणि सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, “काका, उद्या या.” उद्या म्हणजे अजून एक रोजगार बुडाला. हमीभावाच्या नोंदणीची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

माझी मागणी साधी आहे. हंगाम सुरू असताना बदल नको. नवीन पद्धत नीट बसेपर्यंत किमान महिनाभर जुनी चालू ठेवा, आणि सर्व्हर बंद असेल त्या दिवसाची नोंद वहीवर घेऊन ती तारीख ग्राह्य धरा. याला काही कोटींचं टेंडर लागत नाही, वही दुधनीत मिळते.

आणि दुकान, पतसंस्था, सोसायटी चालवणाऱ्यांना एक विचारतो. उद्या सकाळी मशीन सुरूच झालं नाही तर कोणाला फोन करायचा, तो नंबर कागदावर लिहून भिंतीला लावलाय का? कमेंटमध्ये खरं सांगा.