एफ-वन दाबा आणि पुढे चला



आधी माझी चूक कबूल करतो. उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पॅरिश ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळी चालू केला की काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवून थांबू लागला. प्रोसेसरच्या पंख्यात बिघाड आहे, पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा, असा त्या ओळीचा अर्थ. ऑफिसात बसणाऱ्या बाईंनी मला फोन केला. मी घाईत होतो. म्हटलं, "बाई, एफ-वन दाबा आणि चालू द्या, रविवारी आलो की बघतो." त्यांनी दाबलं आणि मशीन सुरू झालं. रविवार आला, मिस्सा झाली, चहा झाला आणि मी घरी गेलो. पुढचे चार आठवडे बाई रोज सकाळी एफ-वन दाबत होत्या. त्या नसतील तेव्हा ऑफिस सांभाळणाऱ्या युवक संघाच्या मुलांनाही त्यांनी ते शिकवून ठेवलं होतं.

हे केवळ एका पंख्याचं रडगाणं नाही. "चालतंय ना, मग झालं" हे वाक्य आपल्या चर्चच्या कामात मी फार वेळा ऐकलंय आणि स्वतः म्हटलंय. या वेळी त्याची किंमत डोळ्यांनी पाहिली, म्हणून लिहितोय.

बंद पंख्याने आत काय होतं ते आधी सांगतो. साध्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कामाच्या भरात ६५ वॅटच्या आसपास वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला कधी हात लागला असेल तर चटका आठवेल. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून निघते. त्या तुकड्यावर धातूचं झाकण, झाकणावर थर्मल पेस्टचा पातळ थर आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक असतो. उष्णता पट्ट्यांत चढते, पण ती तिथून हटवायला वारं लागतं. पंखा थांबला की बंद डब्यातली तीच गरम हवा पट्ट्यांभोवती साचून राहते. आमच्या पंख्याच्या पात्यांवर धुळीची गादी बसली होती आणि बेअरिंगमधलं तेल सुकलं होतं. बोटाने फिरवला तर अर्धा फेरा जाऊन किरकिरत थांबायचा.

पण मशीन बंद पडत नाही, आणि फसगत होते ती इथेच. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की आजचा प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. आमचा तीन गिगाहर्ट्झच्या वर चालणारा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर उतरलेला मी नंतर टास्क मॅनेजरमध्ये पाहिला. पडदा तोच, अक्षरं तीच, फक्त प्रत्येक क्लिकनंतर वाट पाहायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मशीन जुनं झालं असेल, व्हायरस शिरला असेल, नाहीतर इंटरनेट मंद असेल. तरीही तापमान चढतच राहिलं तर मशीन कोणालाही न विचारता एका क्षणात बंद होतं.

या विषयावर २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने केलेली एक चाचणी गाजली होती. त्यांनी चालू मशीनवरून पंख्यासकट आख्खा हीटसिंकच उचलला. पेंटियम फोर अतिशय मंद झाला, पण चालत राहिला. पेंटियम थ्री जागच्या जागी थिजला, तरी वाचला. एएमडीच्या त्या वेळच्या ॲथलॉनमधून मात्र काही सेकंदांत धूर निघाला आणि तो कायमचा गेला. पुढे एएमडीनेही आपल्या प्रोसेसरमध्ये संरक्षण आणलं. आज सगळेच प्रोसेसर स्वतःला सांभाळतात.

कॉम्प्युटरची कामं करणारी आमचीच काही मुलं म्हणूनच सांगतात की आता घाबरायचं कारण नाही. हे मला पटत नाही. हे संरक्षण अपघातापुरतं आहे, रोजच्या संसारासाठी नाही. शिवाय प्रोसेसर स्वतःला वाचवतो, शेजाऱ्यांना नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर त्याच गरम हवेत उभे असतात. ज्या कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो त्यांचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. हार्डडिस्कही त्याच डब्यात असते. बिनपंख्याचे कॉम्प्युटर मिळतात हे खरं, पण त्यांचा प्रोसेसर मुळात कमी वीज खाणारा असतो आणि बहुधा सगळा डबाच हीटसिंकचं काम करतो. आपल्या पत्र्याच्या डब्याने ते व्रत घेतलेलं नाही.

आता आमचं काय झालं ते. गेल्या वर्षीपासून बाई बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर उतरवत आहेत. पानं अशी झालीत की उलटताना कडा हातात येतात, शाई तपकिरी होऊन उडत चाललीय. लग्नाआधी बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला लागतो, म्हणून ही पानं पुन्हा पुन्हा उघडावी लागतात आणि प्रत्येक वेळी थोडी झिजतात. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी, बेळगावचा पारा वर असताना, नोंदी सेव्ह होत होत्या आणि त्याच क्षणी मशीन विझलं. पुन्हा चालू केल्यावर ती फाइल उघडेना. पेन ड्राइव्हवरची नक्कल राखेच्या बुधवारची होती. मधल्या साडेपाच आठवड्यांचं टायपिंग गेलं. म्हणजे ती पानं पुन्हा उलटावी लागणार.

याहून मला लागली ती दुसरी गोष्ट. त्याआधीच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत, बाई समोर बसलेल्या असताना, कोणीतरी म्हणालं होतं, "ऑफिसातलं काम अलीकडे फार रेंगाळतं." कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. बाई रोज संध्याकाळी सात-सात वाजेपर्यंत बसत होत्या, ८०० मेगाहर्ट्झच्या मशीनसमोर, आणि वर आमचंच ऐकून घेत होत्या. मंद झालेल्याला आळशी म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीयाला देवदूताने पहिल्यांदा भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. आमच्या बैठकीत बाईंना "काय अडचण आहे?" एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.

हिशेब बघणारे आमचे एक अंकल म्हणाले, "दानपेटीतला पैसा आहे, चालतंय तोवर चालू द्यावं." अंकलचा मला आदर आहे. रात्री सगळे गेल्यावर चर्चमधले दिवे मालवत फिरणारा माणूस तो. विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट आपण सगळे जाणतो, तेव्हा चर्चचा एकेक रुपया जपून वापरावा यात वाद नाही. पण साडेतीनशे रुपयांचा पंखा वाचवून मदरबोर्ड, हार्डडिस्क आणि एका बाईचे सव्वा महिन्याचे कष्ट पणाला लावणं ही काटकसर नाही. अंकलना मी हे तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि व्हाउचरवर सही केली, सही करताना थोडे पुटपुटले तेवढंच.

तुमच्या घरी किंवा ऑफिसात ती ओळ दिसली तर एफ-वन फक्त एकदा दाबा, तेही कामाच्या फाइलींची नक्कल पेन ड्राइव्हवर घेण्यापुरतं. मग मशीन बंद करा. दुसऱ्या दिवशी मिस्सा आहे, गीतांच्या स्लाइड्स काढायच्याच आहेत, अशी वेळ आलीच तर डब्याची बाजूची पट्टी उघडून टेबलफॅनचं वारं थेट हीटसिंकवर सोडा. आत हात किंवा ओढणी जाऊ देऊ नका, लहान मुलांना लांब ठेवा. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा पन्नास टक्क्यांवर आणा, उष्णता बरीच उतरते. हे एका रात्रीपुरतं. पंखा आणताना जुना सोबत न्या, कारण पिनांची संख्या आणि बसवायची पद्धत जुळावी लागते. हीटसिंक उचललात तर जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरे.

आमच्या मशीनमध्ये ईस्टरनंतरच्या सोमवारी नवा पंखा बसला. पुढच्या कौन्सिलच्या बैठकीत मी बाईंची माफी मागितली आणि काम का रेंगाळत होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. नोंदवहीची गेलेली पानं आता युवक संघाच्या दोन मुली शनिवारी दुपारी बाईंसोबत बसून उतरवतात, एक वाचते आणि एक टाइप करते. आणखी कोणाला यायचं असेल तर तीन वाजता या. माझ्याकडे थर्मल पेस्टची नळी उरली आहे, चार-पाच मशीनना सहज पुरेल. ज्यांच्या कॉम्प्युटरचा पंखा किरकिरतोय त्यांनी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये घेऊन यावा. या वेळी मी थांबणार आहे.