चिंचोळीचे इफेड्रिन आणि बड्या नावांचा न्याय

सोलापूर : चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एव्हॉन लाइफसायन्सेस या कारखान्यावर एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी छापा घातला, तेव्हा चादरींसाठी ओळखले जाणारे हे शहर अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराशी एकाएकी जोडले गेले. सुमारे १८.५ टन इफेड्रिन आणि पोलिसांच्या हिशेबाने त्याची किंमत २ हजार कोटी रुपये! मात्र देशभर गाजले ते एकच नाव, नव्वदच्या दशकातील अभिनेत्री ममता कुलकर्णी यांचे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हाच रद्द केला. ‘तारकांना वेगळा न्याय’ ही कुजबुज अशा वेळी होतेच.

या प्रकरणापुरती ती कुजबुज फारशी टिकत नाही. जानेवारी २०१६ मध्ये केनियातील एका हॉटेलात झालेल्या बैठकीला कुलकर्णी हजर होत्या, हा मुख्य आरोप होता आणि त्याचा आधार सहआरोपीचा जबाब. आरोपपत्रातील मजकूर जसाच्या तसा खरा मानला तरी केवळ उपस्थिती दोषसिद्धीला पुरेशी नाही आणि खटला पुढे चालविणे हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरेल, असे न्या. भारती डांगरे आणि न्या. मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठाने म्हटले. याला सौम्य वागणूक म्हणता येणार नाही. हा तपासाचा कच्चेपणा होता.

फरक पडतो तो दुसरीकडे. जून २०१७ मध्ये ठाण्याच्या विशेष न्यायालयाने कुलकर्णी यांना फरार घोषित केले होते. तरीही परदेशात राहून वकिलामार्फत त्यांना उच्च न्यायालयात दाद मागता आली. एखाद्या मालमोटारीच्या चालकाचे काय होते? गाडीत व्यापारी प्रमाणात अमली पदार्थ सापडला, की एनडीपीएस कायद्याचे कलम ३५ त्याला माहिती होतीच असे गृहीत धरते आणि कलम ३७ नुसार तो दोषी नसावा अशी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन नाही. बहुतेकांची धाव जिल्हा न्यायालयापाशीच संपते.

कायद्यात उदारता नाही, असे मात्र नाही. अल्प प्रमाणातील पदार्थासह सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतले, तर कलम ६४अ खाली खटल्यातून मुक्तता मिळू शकते. मे २००१ मध्ये कोकेन प्रकरणी अटक झालेल्या फरदीन खान यांना २०१२ मध्ये याच कलमाचा लाभ मिळाला. कलम सर्वांसाठी आहे. ते वेळेवर सांगणारा वकील सर्वांकडे नसतो.

प्रसिद्धी उलटही फिरते. आर्यन खान यांच्याजवळ अमली पदार्थ सापडला नव्हता, तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना जामिनासाठी २५ दिवस थांबावे लागले; मे २०२२ मध्ये एनसीबीनेच त्यांचे नाव वगळले. रिया चक्रवर्ती यांना ऑक्टोबर २०२० मध्ये जामीन देताना न्या. सारंग कोतवाल यांनी, तारांकित व्यक्तीला विशेष सवलत नाही, तसे विशेष दायित्वही नाही, असे स्पष्ट केले होते. तपास यंत्रणांनी हे वाक्य मनावर घेतलेले दिसत नाही. नाव मोठे असले की पुरावा मागाहून येईल, हा त्यांचा भरवसा सोलापूरच्या प्रकरणातही नडला.

अन्य सूत्रधार म्हणून ज्याचे नाव पुढे आले तो विकी गोस्वामी जानेवारी २०१७ मध्येच केनियातून अमेरिकेच्या ताब्यात गेला. उरला कारखाना. इफेड्रिन हा नियंत्रित पदार्थ आहे. २०१३ च्या केंद्रीय आदेशानुसार उत्पादकाने एनसीबीकडे नोंदणी करायची, रोजचा हिशेब ठेवायचा आणि दर तिमाहीला विवरण पाठवायचे असते. एवढा साठा या नोंदींच्या नजरेतून सुटला कसा, हा प्रश्न अभिनेत्रीच्या छायाचित्रांखाली दबून गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी चिंचोळीतच मेफेड्रोन बनविणारा आणखी एक कारखाना पकडला. त्यात रुपेरी पडद्यावरचे कोणी नव्हते. काही दिवसांतच ती बातमी आतल्या पानांवर गेली.